पंधरा वर्षांनी गाडीची परीक्षा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘गाडी पासिंगला न्यायची आहे,’ असं रिक्षावाला म्हणतो, टेम्पोवाला म्हणतो. ट्रकवाल्याच्या डोक्यात तर ती तारीख कायम घोळत असते. पण आपल्या घरच्या मोटारसायकलीला किंवा स्कूटरलाही पासिंग असतं, हे पुष्कळांना कळतं ते पंधरा वर्षांनी, आरसी बुकावरची मुदत उलटून गेल्यावर. मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली. आरटीओच्या आवारात आणि तालुक्याच्या गावी भरणाऱ्या कॅम्पमध्ये मिळून किती दुचाकी तपासल्या, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्या नापास कशानं होतात, हे मात्र पाठ झालं आहे. आज तेच सांगणार आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की नूतनीकरण करायचं, आणि ते एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतं. त्यासाठी नमुना २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला आणायची. अर्ज मुदतीच्या आधी साठ दिवसांपासून करता येतो. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली, तर कायद्याच्या नजरेत ती विनानोंदणीचीच गाडी.

म्हणजे नवी गाडी शोरूममधून निघाली की पुढची पंधरा वर्षं तिचे ब्रेक, टायर, दिवे पाहायला सरकारचा कुणीही माणूस येत नाही. मधल्या काळात पीयूसी होतं, पण ते धुराचं. पीयूसीवाला तुमचा ब्रेक दाबून बघत नाही. ब्रिटनमध्ये मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणी सक्तीची आहे. ही पद्धत तिथे १९६० साली सुरू झाली. तेव्हा दहा वर्षांवरच्या गाड्या तपासायचे, पुढं ती अट तीन वर्षांवर आली. या तपासण्यांचे निकाल तिथलं सरकार दर वर्षी प्रसिद्ध करतं. साधारण सहापैकी एक दुचाकी पहिल्या फेरीत नापास होते. सगळ्यात जास्त दोष निघतात ते दिव्यांचे आणि विजेच्या जोडण्यांचे. त्यामागून ब्रेक, सस्पेन्शन, हँडल आणि टायर. दर वर्षी तपासणी असूनही हा निकाल, तर पंधरा वर्षं कुणी न पाहिलेल्या गाडीची गोष्ट काय असेल? पंधरा वर्षं हा काळ फार मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे मात्र गाडी रस्त्यावर चालवून बघण्याआधीच पुष्कळदा घोडं अडतं, ते चेसिस नंबरपाशी. हा नंबर बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. तिथं चिखल आणि ग्रीस साचतं. कोकणात तर खाऱ्या हवेनं आकडेच खाल्लेले असतात. कुणी गाडीला रंग देताना त्यावर चार हात मारून ठेवतो. नंबर वाचता आला नाही, तर ही गाडी तीच आहे हे ठरवायचं कसं? म्हणून येण्याआधी तिथं रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा. पण नंबर दिसत नाही म्हणून पॉलिश पेपरनं घासू नका. घासलेला नंबर बघितला की निरीक्षकाला आधी चोरीचा संशय येतो. इंजिन बदललं असेल किंवा गाडीचा रंग बदलला असेल, तर त्याची नोंद आरसीत हवी. लाल गाडी काळी होऊन येते आणि मालक म्हणतात, ‘साहेब, लाल रंगाचा कंटाळा आला होता.’ कंटाळा समजू शकतो, पण कागदावर गाडी लालच असते.

आता दिवे. ब्रिटनसारखाच आपल्याकडेही हा दोष सर्वाधिक, असं मी अनुभवावरून म्हणेन. कारण सोपं आहे. मागचा दिवा चालवणाऱ्याला दिसतच नाही. मागच्या दिव्याच्या साध्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक मंद, रात्री सतत जळणारी, आणि एक प्रखर, ब्रेक दाबल्यावर पेटणारी. यातली एक तार गेली तरी दुसरी चालू असते, म्हणून घरच्यांना वाटतं दिवा ठीक आहे. कधी बल्ब चांगला असतो, पण पायाच्या ब्रेकशी जोडलेल्या स्विचची स्प्रिंग गंजून तुटलेली असते. तपासायला मेकॅनिक लागत नाही. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबा. भिंतीवरचा लाल उजेड वाढला पाहिजे. आधी हाताचा ब्रेक दाबून बघा, मग पायाचा, दोन्हींनी वाढायला हवा. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर उघडझाप करत असेल, तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला आहे, हेही लक्षात ठेवा. दोन कप चहाच्या पैशांत येणारी ही वस्तू. पण उसाच्या हंगामात, संध्याकाळच्या धुळीत, मागून भरलेला ट्रक येत असतो तेव्हा तुम्ही पुढं आहात हे त्याला सांगणारं दुसरं काहीही तुमच्याकडे नसतं.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर बोलतो. एका कॅम्पमध्ये एक दूधवाले काका आले होते. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल वेल्डिंग केलेले, त्यावर दुधाचे कॅन अडकवायचे. गाडी धुऊन पुसून लख्ख, हँडलला नवा हार. मी पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला, तर तो थेट मुठीला टेकला. खाली पाहिलं, तर केबल सोडून बाजूला बांधून ठेवलेली. काका म्हणाले, ‘साहेब, पुढचा ब्रेक मी लावतच नाही. पुढचा लावला की माणूस पालथा पडतो.’

हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. बाप मुलाला गाडी शिकवतो तेव्हा पहिलं वाक्य तेच असतं. त्यात थोडं तथ्य आहे. वाळूवर, ओल्या रस्त्यावर किंवा वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक घसरतं. पण तो वापरायचाच नाही, हे साफ चूक. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं झुकतं. एसटीत उभे असताना ड्रायव्हरनं ब्रेक लावला की आपण पुढं जातो, तसंच. त्या क्षणी पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला पकड कुठून येणार? म्हणून खरं थांबवण्याचं काम पुढचं चाक करतं. हिशेब सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. समोर काही दिसून हातपाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर ११ मीटर तिथंच संपले. त्यापुढं दोन्ही ब्रेक चांगले असतील, तर कोरड्या रस्त्यावर साधारण १० मीटरमध्ये गाडी थांबते. केवळ मागच्या ब्रेकवर हेच अंतर २० मीटरच्या आसपास जातं. मधल्या दहा मीटरमध्ये कोण उभं आहे, यावर सगळं अवलंबून.

काकांची गाडी मी पास केली नाही. केबल जोडून, लायनर बदलून, अँगल काढून आणायला सांगितलं. ते बरेच रागावले. दुधाची वेळ चुकत होती, त्यामुळं त्यांचा राग मला कळत होता. पुढच्या कॅम्पला ते आले, तेव्हा दोन्ही ब्रेक लागत होते.

ड्रम ब्रेकची झीज बाहेरूनही कळते. मागच्या चाकापाशी ब्रेकचा जो छोटा दांडा असतो, त्याच्या मुळाशी अनेक गाड्यांवर बाण असतो आणि शेजारी खूण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला, म्हणजे लायनर संपले. पुष्कळ जण नट आवळत राहतात आणि आटे संपले तरी त्याच लायनरवर गाडी चालवतात. डिस्क ब्रेक असेल, तर त्यातलं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. दोन वर्षांनी बदला. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत दोन्ही चाकांचा एकत्र लागणारा ब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण त्या गाड्या पहिल्यांदा पासिंगला येतील २०३४ साली. तोपर्यंत आमच्यापुढं येणार त्या जुन्याच.

टायरचा नियम दुचाकीसाठी असा आहे की नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नको. एवढं मोजायला पट्टी लागत नाही. नक्षीच्या खाचेत झीज दाखवणारा छोटा उंचवटा असतो, टायर त्याच्या बरोबरीला आला की संपला. पण गोट्या टायर ओळखणारे लोक म्हातारा टायर ओळखत नाहीत. घरात कमी वापरली जाणारी स्कूटर असते. नक्षी शाबूत, पण बाजूला बारीक तडे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. ३२१९ असेल, तर तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. आपल्या गाडीचा आज बघा, कित्येकांना आश्चर्य वाटेल.

खड्ड्यांची कृपा दिसते ती हँडलवर. गॅरेजमध्ये ‘कोनसेट गेला’ म्हणतात ना, तो दोष. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्ये खटका लागला, तर आतल्या गोळ्यांनी खाच पाडली आहे. खटका मध्येच का? कारण आपण बहुतेक वेळ सरळ जात असतो आणि सगळे खड्डे त्याच जागी हाणतात. अशी गाडी वेगात सरळ राहत नाही. मालकाला मात्र त्याची सवय झालेली असते, दुसऱ्यानं चालवली की तो म्हणतो, ‘ही ओढते कुठं?’ पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळत असेल, चिमट्याचे बुश वाजत असतील, चेन लोंबत असेल, तरीही निरीक्षक परत पाठवतो.

साडी गार्ड हा माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाचा विषय. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकेल असं संरक्षण हवं. तरुण मंडळी गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात साडी गार्ड काढून टाकतात. गाडी जड दिसते म्हणे! पासिंगच्या वेळी मग शेजाऱ्याचं बसवून आणतात, त्याचे नट नवे चकचकीत असतात, आम्हाला कळतं. पदर किंवा ओढणी चाकात गेली की काय होतं, ते मी इथं वर्णन करणार नाही. नोकरीत अपघातग्रस्त गाड्या तपासण्याचंही काम असायचं. चेनमध्ये गुंडाळलेलं कापड कैचीनं कापून काढावं लागलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या सगळ्यांवर साडी गार्डची भोकं रिकामी होती. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. गाडीच्या दोषानं त्यातली किती, हा वादाचा मुद्दा असेल. पण मागे बसलेल्या बाईचा त्यात काही दोष नसतो.

बाकीचे दोष मालकाच्या हौसेचे. फटफट आवाज करणारा सायलेन्सर, वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न, आणि ४१४१ चे वळणदार आकडे काढून ‘दादा’ असं वाचता येणारी नंबर प्लेट. आता उच्च सुरक्षा नंबर प्लेटमुळं ही शेवटची कला संपत चालली आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ती लागते. आरसे काढलेली गाडी घेऊन येणारे म्हणतात, आरसे खिशात आहेत. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या मात्र धुरावर अडकतात. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांपर्यंत चालतो, त्याआधीच्या गाडीला साडेचार. पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजानं ओतणाऱ्याच्या गाडीला हा आकडा जड जातो. एअर फिल्टर साफ करून, प्लग बदलून, कार्बोरेटर ट्यून केला की पुष्कळ गाड्या बसतात.

गाडी नापास झाली, म्हणजे भंगारात गेली असं नव्हे. दोष लिहून मिळतात, ते दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवता येते. एजंटाला ‘जमवून द्या’ म्हणून जे पैसे देता, तेवढ्यात बहुतेक वेळा लायनर, केबल आणि दोन बल्ब येतात. आणि येताना गाडी जिच्या नावावर आहे तिचं आधार कार्ड आणा. निम्म्या गाड्या अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात. आजोबा हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते, पासिंग त्यानंतर.