कोट घातलेला ‘मुद्दाम’

ताईच्या चित्रावर पाणी सांडलं, की घरात पहिला प्रश्न काय येतो? “मुद्दाम केलंस ना?” हाच मुद्दाम सरकारी पत्रात शिरला, की कोट-बूट चढवतो आणि स्वतःला ‘हेतुपुरस्सर’ म्हणवून घेतो. “संबंधितांनी हेतुपुरस्सर दिरंगाई केली आहे.” बापरे!

कोटामुळे स्वभावही बदलतो बरं का. आजी म्हणते, “तुझ्यासाठी मुद्दाम बेसनाचे लाडू आणलेत.” किती गोड! पण ती “हेतुपुरस्सर लाडू आणलेत” म्हणाली असती, तर लाडवात काहीतरी कट शिजलाय असं वाटलं असतं. हा शब्द बहुतेकदा बोट रोखूनच बोलतो.

जरा सोलून बघू या त्याला. हेतू म्हणजे मनातला उद्देश. ‘पुरस्’ म्हणजे पुढे, ‘सर’ म्हणजे चालणारा. हेतू पुढे चालतो, हात मागून येतो, ते काम हेतुपुरस्सर. (लिहिताना ‘तु’ ऱ्हस्व आणि स दोन. त्यातला एक स परीक्षेत हमखास पळून जातो.) ‘पुरस्कार’ या शब्दातही हाच ‘पुरस्’ बसलाय. पुरस्कार म्हणजे मुळात पुढे करणं!

पण हात हलायच्या आधी डोक्यात खरंच काही पुढे चालतं का? कॉर्नहूबर आणि डेके या जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी ते शोधलं. त्यांनी माणसांच्या डोक्याला विजेचे बारीक बदल टिपणाऱ्या तारा लावल्या आणि सांगितलं, मनाला येईल तेव्हा बोट हलवा. बोट हलायच्या सुमारे एक सेकंद आधीपासूनच मेंदूत विजेची हळूहळू तयारी सुरू झालेली दिसली! हे त्यांनी १९६५ साली छापलं. आपला शब्द त्याहून कितीतरी जुना, आणि तो घडवणाऱ्याकडे एकही तार नव्हती.

आता डॉक्टरांची ती छोटी हातोडी आठवा. गुडघ्याच्या वाटीखाली टक् केलं, की पाय टुणकन उडतो. त्या ठोक्याचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. मेंदूला कळेपर्यंत पाय उडूनही गेलेला असतो! म्हणजे त्या वेळी डॉक्टरांना लाथ लागलीच, तर “हेतुपुरस्सर मारली” अशी तक्रार टिकायची नाही.

पापणीचंही तसंच. मिनिटाला पंधरा-वीस वेळा ती लवते, आपल्याला पत्ताही नसतो. पण वर्गात मित्राकडे बघून एक डोळा मिचकावलात आणि बाईंनी पाहिलं, तर मात्र “आपोआप झालं” म्हणू नका.

आणि श्वास? तो दोन्हीकडचा. झोपेतसुद्धा आपला आपण चालू असतो. पण आत्ता हे वाचता वाचता एक मोठा श्वास मुद्दाम घेतलातच ना?