होम थिएटर घेताना शब्द ऐका

घरात नवा टीव्ही आला की महिन्या-दोन महिन्यांत एक तक्रार सुरू होते. चित्र झकास दिसतं, पण बोललेलं कळत नाही. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच गाणं किंवा हाणामारी येते आणि सगळं घर दणाणतं. मग रिमोट हातातून खाली ठेवायची सोय राहत नाही. याचं कारण साधं आहे. टीव्ही जितका पातळ होत गेला, तितकी त्याच्या आतल्या स्पीकरची जागा कमी झाली. बहुतेक टीव्हींचे स्पीकर आता खालच्या कडेला किंवा पाठीमागे असतात. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येण्याआधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटून येतो, आणि त्यात शब्दांची धार जाते.

घरोघरी ध्वनियंत्रणा जुळवून देणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे ही तक्रार घेऊन आलेली माणसं मला नेहमी भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती वॅटचा घेऊ?’ मीही आज याच प्रश्नापासून सुरुवात करतो. बेताच्या पैशांत होम थिएटर घेणाऱ्यांचा बराचसा पैसा या एका प्रश्नापायी चुकीच्या जागी जातो, असा माझा अनुभव आहे.

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून एक आकडा दिलेला असतो, बहुधा ८५ ते ९० डेसिबलच्या दरम्यान. त्याचा अर्थ असा की, स्पीकरला एक वॅट वीज दिली आणि समोर एक मीटरवर आवाज मोजला, तर तो तेवढा भरतो. आता आपण समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. ८७ डेसिबलचा स्पीकर घेतला आणि आपण तीन मीटरवर बसलो, तरी बंद खोलीत एका वॅटमध्ये ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. म्हणजे रोजच्या बातम्या, मालिका, संवाद यांचं काम एका वॅटच्या आतच भागतं! उरलेले वॅट लागतात ते चित्रपटातल्या क्षणभराच्या धडाक्यासाठी.

इथे दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. पन्नासऐवजी शंभर वॅटचा रिसीव्हर घेतला तर कानाला पडणारा फरक थोडाच असतो, खिशाला मात्र तो चांगला जाणवतो. तोच ३ डेसिबलचा फायदा ८७ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निवडून फुकटात मिळू शकतो.

मग खोक्यावर हजारोंचे आकडे कुठून येतात? टेपरेकॉर्डरच्या जमान्यापासून आपल्याकडे ‘पीएमपीओ’ नावाचं एक प्रकरण आहे. हा आकडा कसा मोजायचा याचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. ज्याला जो हवा तो छापतो. त्याची परीक्षा सोपी आहे. यंत्र उलटं करून मागची पट्टी वाचा. तिथे ते वीज किती खातं हे लिहिलेलं असतं. साठ वॅट खाणारं यंत्र पाच हजार वॅट कुठून देणार? क्षणभरासाठी ते थोडं जास्त देऊ शकतं, त्यामुळे या पट्टीवरून तंतोतंत हिशेब निघत नाही, पण थाप ओळखायला ती पुरेशी आहे.

चांगल्या कंपन्यांच्या रिसीव्हरवरही बारीक अक्षरं वाचावीत. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, १० टक्के विकृती’ अशा अटींवर दिलेला आकडा मोठा दिसतो. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू, विकृती ०.१ टक्क्याच्या आत’ अशा अटींवर त्याच रिसीव्हरचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ साली नियम करून घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद किती ओहमवर, कोणत्या पट्ट्यात आणि किती विकृतीसह मोजली, हे सांगणं बंधनकारक केलं, ते अशाच फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी. तुलना करायची तर दोन्ही रिसीव्हरचे या दुसऱ्या प्रकारचे आकडे शेजारी ठेवा. आपल्या दहा बाय चौदाच्या हॉलला अशा रीतीनं मोजलेले ५० ते ७० वॅट भरपूर होतात.

आता शब्द न कळण्याच्या मूळ तक्रारीकडे येऊ. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. पण या पाचांमध्ये कामाची वाटणी असते. डावा आणि उजवा स्पीकर संगीत आणि पडद्याची रुंदी सांभाळतात. बाजूचे दोघे पाऊस, गर्दी, मागून जाणारी मोटार असं वातावरण देतात. आणि टीव्हीच्या खाली मधोमध ठेवायचा सेंटर स्पीकर चित्रपटातलं जवळजवळ सगळं बोलणं एकटा वाहतो. गंमत अशी की, खोक्यात भरून मिळणाऱ्या स्वस्त संचांत सगळ्यात किरकोळ माल बहुधा यालाच लावलेला असतो.

मध्यंतरी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो. त्यांना एका दुकानानं सात स्पीकरांचा भलामोठा संच सुचवला होता. हॉल लहान, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागचे दोन स्पीकर लावले असते तर ते त्यांच्या कानाशीच कुजबुजत बसले असते. मी विचारलं, ‘सर, तुम्हाला नक्की काय ऐकायचंय?’ ते म्हणाले, ‘मला फक्त माणसं काय बोलतात ते कळू दे. दर दोन मिनिटांनी सूनबाईंना विचारायला संकोच वाटतो.’ आम्ही तेवढ्याच पैशांत एक साधा रिसीव्हर आणि एकाच मालिकेतले पुढचे तीन स्पीकर घेतले. सबवूफर पुढच्या दिवाळीवर टाकला. रिसीव्हरच्या मेनूत जाऊन सेंटरचा आवाज ३ डेसिबल वर केला, आणि रात्रीसाठी असलेली ‘नाइट मोड’ची सोय दाखवली; ती मोठा आवाज दाबते आणि बारीक आवाज उचलते. नंतर सूनबाईंचा फोन आला की, आता बाबा चित्रपट संपल्यावर आम्हालाच गोष्ट समजावून सांगतात.

हे सांगण्याचा हेतू इतकाच की, पैसे कमी असतील तर स्पीकरांची संख्या कमी करावी, दर्जा नाही. माझा ठोकताळा असा. समजा तुमच्याकडे शंभर रुपये आहेत. त्यातले ४० पुढच्या तीन स्पीकरांवर घाला, ३० रिसीव्हरवर, १५ सबवूफरवर, १० बाजूच्या जोडीवर आणि ५ वायर आणि स्टँडसाठी ठेवा. एकदम जमत नसेल तर आधी रिसीव्हर आणि पुढची जोडी घ्या. सेंटर नाही असं रिसीव्हरला मेनूत सांगितलं की तो संवाद दोन्ही स्पीकरांत सारखे वाटून देतो, आणि सोफ्यावर मधोमध बसणाऱ्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. मग सेंटर, मग सबवूफर, शेवटी बाजूची जोडी. सेंटर मात्र पुढच्या जोडीच्याच मालिकेतला असावा. नाहीतर पडद्यावरचा माणूस डावीकडून मध्ये आला की त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो.

स्पीकरवर जास्त आणि रिसीव्हरवर कमी का, असं कोणी विचारेल. चांगला स्पीकर नीट वापरला तर वीस वर्षंही टिकतो. रिसीव्हर बंद पडला नाही तरी जुना होतो, कारण जोडण्या बदलतात. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या एकाच केबलनं उलट रिसीव्हरकडे आणणारी ‘एआरसी’ ही सोय २००९ साली आली. ‘ॲटमॉस’ हे तंत्र २०१२ साली चित्रपटगृहात आलं आणि मग घरात. ‘ईएआरसी’ २०१७ सालच्या एचडीएमआयमधली. उद्या आणखी काही येईल. म्हणून रिसीव्हर घेताना आपल्या गरजेपुरत्या एचडीएमआय जोडण्या, एआरसी किंवा ईएआरसी, आणि खोलीनुसार आवाज जुळवून देणारा मायक्रोफोन एवढं पाहावं. बाकीच्या बटणांचे पैसे वाचवावेत.

याच कारणानं जुना रिसीव्हर हा गरजूसाठी चांगला सौदा ठरू शकतो. त्याला नव्या टीव्हीचं चित्र पुढे पाठवता येत नसेल तरी हरकत नाही. सेट टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडावा आणि टीव्हीतून फक्त आवाज एआरसीनं किंवा ऑप्टिकल केबलनं रिसीव्हरला द्यावा. ऑप्टिकलवरून ५.१ डॉल्बी डिजिटल व्यवस्थित येतं; टीव्ही तसा आवाज बाहेर देतो ना, तेवढं त्याच्या मेनूत पाहून घ्यावं. परदेशातून आलेला नग असेल तर मागची पट्टी पुन्हा वाचा. अमेरिकेतला रिसीव्हर १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात जळेल. जुने स्पीकर घेताना जाळी काढून शंकूभोवतीची कड बोटानं हलकेच दाबा. ती फोमची असेल तर काही वर्षांत तिचा भुगा होतो, दमट हवेत तर लवकरच. रबराची कड टिकते.

दुकानात ऐकताना सोबत ओळखीचं काहीतरी न्या : एखादी बातमी, गर्दीतला संवाद, रोज ऐकलेलं एखादं भावगीत. विक्रेता हमखास स्फोटाचा प्रसंग लावतो. त्यात सगळेच स्पीकर सारखे शूर वाटतात. दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. आणि एकदा आवाज अगदी कमी करून ऐका. तेव्हाही शब्द सुटे कळले तर स्पीकर चांगला.

घरी आणल्यावर अर्धं काम खोलीचं. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीनंतर झणझण ऐकू आली, तर गुळगुळीत फरशी, काचा आणि उघड्या भिंती आवाज परतवत आहेत. तिथे रिसीव्हर बदलून उपयोग नाही. सोफ्यासमोर जाड सतरंजी, खिडकीला भरदार पडदा, भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्यानं फरक पडतो. सेंटर स्पीकर शोकेसच्या खोबणीत आत ढकलू नका. फळीच्या पुढच्या कडेशी आणा आणि पुढून थोडा उचलून त्याचं तोंड कानांकडे करा. रिसीव्हर तापतो, म्हणून त्याच्या वर वीतभर जागा मोकळी ठेवा. त्याच्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी शोभून दिसते, पण नकोच.

सबवूफर कुठे ठेवायचा? बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये घुमत राहतो, म्हणून एका कोपऱ्यात नुसती घरघर आणि दुसरीकडे काहीच नाही, असं होतं. यावर जुनी युक्ती आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेनं रांगत ऐकत जा. जिथे खर्ज स्वच्छ, मोजका ऐकू येईल ती सबवूफरची जागा. घरातले हसतील, हसू द्या. फ्लॅटमध्ये हा खर्ज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, त्याचाही विचार असू द्यावा.

शेवटी वायर. वायरीच्या नावाखाली पुष्कळ पैसे उकळले जातात. घरगुती फिटिंगची दीड चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला अगदी व्यवस्थित चालते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठली तर ती मीटरवर मिळते. लाल टोक लालला आणि काळं काळ्याला लागलंय एवढं मात्र दोनदा तपासा. एका स्पीकरची टोकं उलट लागली तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. चांगल्या-चांगल्या घरांत मी एवढीच दुरुस्ती करून परत आलो आहे, आणि नवा स्पीकर घेण्याचे त्यांचे पैसे वाचले आहेत.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात कमी ऐकू येतं, त्याला बरोबर घ्या. दुकानात त्याला मधल्या खुर्चीत बसवा, एखादा संवाद लावा आणि विचारा, ‘काय म्हणाला?’ त्यानं अडखळता सांगितलं तर तो स्पीकर निर्धास्तपणे घरी आणावा.