अष्टमीला समुद्र, पौर्णिमेला अरण्य

मुलांच्या परीक्षा संपत आल्या, कीं आमच्या चौदा माणसांच्या घरांत सहलीची चर्चा सुरू होते. मुलांना समुद्र हवा असतो, वडील बंधूंना थंड हवा हवी असते, आणि वहिनींना विचारलें तर त्या म्हणतात, "जेथें मला चूल पेटवावी लागणार नाहीं, तेथें कोठेंहि चला." या तिन्ही मागण्या एकाच प्रवासांत पुरवील असा मुलूख आपल्या महाराष्ट्रांतच आहे. तो म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा. सकाळीं मालवणच्या वाळूवरून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास सह्याद्रीच्या माथ्यावर, आंबोलीच्या अरण्यांत पोहोंचतो.

या प्रवासाचा बेत कसा आखावा, हें वाचकांपुढें मांडण्यास मी धजतों, तो शहाणपणाच्या जोरावर नव्हे. एका चुकीच्या जोरावर.

सन २००३ च्या मे महिन्यांत आम्ही सर्व मालवणास गेलों होतों. निघण्यापूर्वीं दादांनीं पंचांग उघडून प्रस्थानाचा मुहूर्त काढला होता. १६ मे रोजीं वैशाखी पौर्णिमा होती. जेवणें आटोपून दुपारीं दोनच्या सुमारास आम्ही देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोंकाशीं गेलों. पाणी अगदीं संथ दिसत होतें. माझा तेरा वर्षांचा पुतण्या कमरेइतक्या पाण्यांत उभा होता. पाहतां पाहतां त्याचे पाय सुटले, आणि तो किनाऱ्याकडे न येतां नदीच्या मुखाकडे वाहूं लागला. मी धांवलों, परंतु छातीइतक्या पाण्यांत माझेहि पाय टिकेनात. सुदैवानें एक होडी जवळून जात होती. होडीवाल्यानें ती वळविली आणि मुलाला दंडाला धरून वर ओढून घेतलें. किनाऱ्यावर आल्यावर तो मला म्हणाला, "मास्तरांनू, आज पुनव मां! भरती सरली. खाडीचा पाणी आता भायर धावता. ह्या वक्ताक थंयसर कोण उतरणा नाय."

मला त्याच्या तोंडाकडे पाहवेना. चंद्राच्या उदयानें समुद्राला भरतें येतें, ही उपमा मीं वर्गांत शंभर वेळां समजावून दिली होती. घरचें पंचांगहि पिशवींतच होतें. निघण्याची घटका आम्हीं त्याला विचारली. समुद्राची मात्र विचारली नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरीं कोंकणचा बेत तिथीवरून ठरतो. किनाऱ्यावरील लोकांची रीत अशी : शुद्ध असो वा वद्य, त्या दिवशींच्या तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. चतुर्थीस चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहांटे तीन आणि दुपारीं तीन या दोन भरत्या. अष्टमीस सहा. पौर्णिमेचा अंक पंधरा, म्हणून सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब स्थूल आहे; ठिकाणपरत्वें तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून गेल्या ठिकाणीं कोळ्यास विचारून तो पडताळून घ्यावा. आतां वरील प्रसंगाला ही रीत लावून पहा. पौर्णिमेस सव्वाअकराला भरती झाली. दोन वाजतां ओहोटी अगदीं भरांत होती, आणि खाडींत चढलेलें सारें पाणी त्या अरुंद मुखांतून बाहेर निघालें होतें. आम्हीं मुलाला नेमक्या त्या जागीं नेमक्या त्या वेळीं उभा केला!

दुसरी गोष्ट उधाणाची व भांगाची. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य व चंद्र यांचें आकर्षण एका रेषेंत येतें, म्हणून पाणी फार चढतें व फार उतरतें, हें उधाण. अष्टमीच्या सुमारास तीं दोन आकर्षणें परस्परांस काटकोनांत असतात, म्हणून चढउतार थोडा, हा भांग. मुलांना पाण्यांत खेळवावयाचें तर भांगाचे दिवस बरे. अष्टमीस दुपारीं बाराला ओहोटी संपते आणि सहापर्यंत पाणी चढत असतें. तेव्हां चार ते साडेपांच ही वेळ उत्तम. नदीच्या मुखाशीं मात्र कोणत्याहि तिथीस उतरूं नये. आणि लाटा वाऱ्यावरहि अवलंबून असल्यामुळें तेथील माणसानें "नको" म्हटलें, कीं तो शब्द अखेरचा मानावा.

यावरून बेत आपोआपच तयार होतो. शुद्ध सप्तमीस मालवणांत पोहोंचावें. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाल्यापासून हा प्रवास वृद्धांनाहि सोपा झाला आहे. कुडाळ स्थानकावरून मालवण सुमारें तीस किलोमीटर. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीं खुलें होतें, म्हणून तिथी दोन महिने आधींच ठरवावी. मालवणांत तीन दिवस ठेवावे. त्यांतील एक सकाळ सिंधुदुर्गाची. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर हा जलदुर्ग बांधावयास घेतला. चोहों बाजूंनीं खारें पाणी असतां आंत दूधबाव, साखरबाव व दहीबाव या तीन विहिरींस गोडें पाणी आहे. मुलांना तें ओंजळींत घेऊन चाखावयास द्यावें. त्याहून चांगला इतिहासाचा पाठ मला चाळीस वर्षांत देतां आला नाहीं.

एकादशी-द्वादशीस सावंतवाडीमार्गें आंबोली गांठावी. वाटेंत सावंतवाडीस लांकडी खेळणीं व गंजिफा पाहावयास अर्धा दिवस पुरतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच. तेथील हिरण्यकेशीच्या उगमाशीं महादेवाचें देऊळ आहे. देवळाच्या कुंडांत बोटभर लांबीचा एक मासा राहतो. शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं त्याची नवी जाति म्हणून नोंद केली व नदीचेंच नांव त्याला दिलें. २०२१ सालीं त्या स्थळास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हां कुंडांत नाणीं, निर्माल्य वा साबण जाऊं देऊं नये. तेथें देवाची पूजा हात राखूनच होते. पौर्णिमेचें चांदणें आंबोलींत पाहावें. रात्रीं बाहेर पडतांना मात्र चांदण्यावर विसंबूं नये. प्रत्येकाजवळ विजेरी व पायांत बूट असावे, कारण वाट सापांचीहि आहे.

ऋतूविषयीं थोडें. मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वांत सुखाचा. वैशाखांत आंबे-फणस मिळतात, पण ऊन कडक असतें, आणि मे महिना उतरणीस लागला कीं समुद्र खवळूं लागतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते. ज्यांचें पोट समुद्रावर चालतें तेच जेव्हां होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हां आपण हौसेखातर लाटांशीं लगट करूं नये. पावसाळ्यांत केवळ आंबोलीस जावें, आणि जळवांसाठीं मिठाची पुरचुंडी जवळ ठेवावी.

शेवटची सूचना वहिनींच्या मागणीची. पूर्वीं आम्ही स्टोव्ह, पातेलीं, डाळ-तांदूळ असें अर्धें स्वयंपाकघर बरोबर नेत असूं. पुरुष समुद्र पाहत आणि बायका पोळ्या लाटीत. आतां मालवणांत घरगुती उतारे पुष्कळ आहेत. आधीं कळविलें तर आमटी-भात, काजूची उसळ, सोलकढी असें निर्मळ शाकाहारी जेवण मिळतें. दोन कपडे कमी घ्यावे, पण हा खर्च करावा. गेल्या खेपेस वहिनी संध्याकाळभर वाळूंत पाय पसरून बसल्या होत्या. लग्नानंतर अशी रिकामी संध्याकाळ ही पहिलीच, असें त्या सहज म्हणाल्या. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

तो पुतण्या आतां स्वतः बाप झाला आहे. यंदाच्या सहलीचा विषय निघतांच त्यानें खुंटीवरचें पंचांग काढलें, आणि मुहूर्ताचें पान न उघडतां मला विचारलें, "काका, शुद्ध सप्तमी कोणत्या वारीं येते?"