प्रवास फुकट झाला, पण पायरी तेवढीच उंच

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात वृद्धांच्या प्रवासाचा विषय निघाला की, सोसायटीची सभा असो, बँकेतील रांग असो वा लोकलच्या डब्यातील गप्पा असोत, एक वाक्य हमखास कानी पडते : "आता म्हातार्‍या माणसांना सगळीकडे प्रवास फुकट आहे, सरकारने याहून अधिक करायचे तरी काय?" हे वाक्य उच्चारणारी माणसे दुष्ट नसतात, पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या घरी वृद्ध आईवडील असतात. परंतु इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाणारे आणि इतक्या बाजूंनी चुकीचे असलेले दुसरे विधान या विषयात क्वचितच सापडेल. म्हणून त्याची साद्यंत छाननी करणे प्राप्त आहे.

प्रथम 'सगळीकडे' हा शब्द तपासू. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना विनामूल्य प्रवासाची मुभा देणारी अमृत ज्येष्ठ नागरिक योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून अमलात आली, ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे एस.टी.च्या गाड्यांत, आणि तीही राज्याच्या हद्दीपुरती. ६५ ते ७५ या वयोगटास त्याच गाड्यांत निम्मे भाडे पडते. ठाणे महानगरपालिकेची १९८९ साली सुरू झालेली परिवहन सेवा (टीएमटी) आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा १९९९ सालचा परिवहन उपक्रम ही एस.टी.ची खाती नव्हेत. तेथील सवलती त्या त्या पालिकेच्या ठरावाने आणि अंदाजपत्रकातील तरतुदीने ठरतात, व म्हणून वयाची अट आणि सादर करावयाचे दाखलेही प्रत्येकाचे निराळे असतात. ठाण्याच्या रस्त्यांवर टीएमटीखेरीज बेस्टच्या, नवी मुंबईच्या आणि एस.टी.च्याही गाड्या धावतात. त्यामुळे एकाच थांब्यावर उभ्या असलेल्या एकाच वृद्धाचे सवलतीसंबंधीचे स्थान समोर येणार्‍या गाडीच्या मालकीनुसार बदलते. समजा, डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात राहणारी ७६ वर्षांची एक आजी मुरबाडला लेकीकडे निघाली, तर कल्याणच्या एस.टी. आगारातून मुरबाडपर्यंतचा सुमारे तीस किलोमीटरचा प्रवास तिला फुकट आहे. परंतु घरापासून स्थानकापर्यंतची शेअर रिक्षा, डोंबिवली ते कल्याण ही लोकल आणि त्या दोहोंमधला जिना या तिन्ही गोष्टींना शासनाच्या औदार्याचा स्पर्शही झालेला नाही. प्रवासाचा जो भाग सर्वांत सोपा, तोच तेवढा माफ झाला आहे.

रेल्वेची स्थिती तर उलट दिशेने गेली. लांब पल्ल्याच्या गाड्यांत ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सूट मिळत असे; ती मार्च २०२० मध्ये महासाथीच्या आरंभी बंद करण्यात आली आणि साथ ओसरली तरी पूर्ववत झाली नाही. आईवडिलांचा निर्वाह व ज्येष्ठ नागरिकांचे कल्याण यासंबंधीचा २००७ चा केंद्रीय कायदा ६० वर्षे पूर्ण केलेल्यास ज्येष्ठ मानतो, एस.टी. निम्म्या भाड्यासाठी ६५ आणि पूर्ण माफीसाठी ७५ मागते. ज्याचे वृद्धत्व दर खिडकीवर नव्याने मोजले जाते, त्याला 'सगळे फुकट मिळते' असे सांगणे ही वस्तुस्थितीची नव्हे, ऐकीव माहितीची भाषा झाली.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळू. एस.टी.तील सवलतीची रक्कम महामंडळ आपल्या गल्ल्यातून सोसत नाही. राज्य शासन तिची प्रतिपूर्ती करते, म्हणजे ती सार्वजनिक तिजोरीतून येते. त्या तिजोरीत चाळीस-चाळीस वर्षे कर भरलेली माणसेच आज त्या आसनावर बसलेली असतात. डोंबिवलीची वस्तीच मुळी मुंबईच्या कचेर्‍या, गिरण्या, बँका आणि टपालखाते चालवणार्‍या नोकरदारांनी वाढवली. ज्यांनी उभी हयात सकाळची लोकल पकडून या महानगराचा गाडा ओढला, त्यांच्या उतारवयातील तिकिटाला दान म्हणणे हे हिशेबाच्या दृष्टीनेही चूक आहे आणि न्यायाच्या दृष्टीने त्याहून अधिक.

परंतु हे सर्व क्षणभर बाजूस ठेवून, समजा उद्या प्रत्येक बस आणि प्रत्येक लोकल खरोखरच विनामूल्य झाली, तरी प्रश्न सुटला असे होईल काय? ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत लोकलचे दुसर्‍या वर्गाचे तिकीट १० रुपये आहे. निवृत्तिवेतन घेणारा मध्यमवर्गीय वृद्ध घरी बसतो तो या दहा रुपयांमुळे नव्हे. त्याला अडवते ती पायरी, आणि या पायरीकडे जवळून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

केंद्र सरकारच्या नागरी बसविषयक मानकांत बसच्या जमिनीच्या तीन उंची सांगितल्या आहेत : साधी बस सुमारे ९०० मिलिमीटर, अर्ध-नीचतल बस ६५० आणि नीचतल बस ४००. साध्या बसमध्ये शिरायचे म्हणजे जवळजवळ एक मीटर चढायचे. बस पदपथाला लागून उभी राहिली तर पदपथाची उंची त्यातून वजा होते; पण थांब्यापुढे रिक्षा उभ्या असतात, म्हणून चालक गाडी रस्त्याच्या मध्यावरच थांबवतो, वृद्धाला पदपथ उतरून डांबरावर यावे लागते आणि पहिली पायरी आणखी उंच होते. एका हातात पिशवी, दुसर्‍या हाताने दांडी धरायची, मागून रेटा, आणि दुसरा पाय वर येण्यापूर्वीच वाहकाची दुहेरी घंटी. या चार-पाच क्षणांत जे घडते त्यावर त्या माणसाचे पुढील वर्ष अवलंबून असते. कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पडण्यामुळे होणारे सर्वाधिक मृत्यू साठीपुढील माणसांतच होतात, आणि एकदा खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे घराबाहेर पडणे कायमचे थांबते.

स्थानकातही हीच कथा. सरकता जिना वर नेतो ना, मग उतरायला काय हरकत, असे म्हणणार्‍यांनी एक मोजमाप ध्यानात ठेवावे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच मापक बसवून केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून किंचित अधिक, जिना चढताना तिपटीहून अधिक आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार येतो. म्हणजे उतरणे हे चढण्यापेक्षा कठीण आहे. केवळ वर जाणारा सरकता जिना बसवून काम संपले असे मानणारी योजना म्हातारपणाच्या निम्म्या दुःखाकडे पाठ फिरवते. उद्वाहक, म्हणजे लिफ्ट, हीच येथे खरी सोय. आणि ती बंद असेल त्या दिवशी तो फलाट त्या माणसापुरता अस्तित्वातच नसतो. विहीर सर्वांना खुली केली आणि दोर-पोहरा मात्र ठेवला नाही, तर तहान भागत नाही; भाडेमाफीची गत आज तशीच आहे.

आणि ही सोय मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४१ वे कलम बसथांबे, रेल्वे स्थानके, वाहने आणि रस्ते सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. गुडघे, दृष्टी वा श्रवण गमावलेले असंख्य वृद्ध या ना त्या प्रमाणात त्याच वर्गात मोडतात. एका दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असे स्पष्ट केले. सवलत अंदाजपत्रकाबरोबर येते आणि जाते; हक्काचे तसे नसते.

हे आपल्याकडे शक्य आहे काय, अशी शंका घेणार्‍यांनी ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील सॅटिस पूल पाहावा. रेल्वेच्या पादचारी पुलावरून बसपर्यंत फारशी चढउतार न करता जाता येते, ही गोष्ट तेथे साध्य झालीच आहे. जपानने २००० साली कायदा करून, ज्या स्थानकांचा वापर दिवसाला पाच हजारांहून अधिक लोक करतात, ती अडथळामुक्त करण्याचे उद्दिष्ट ठरवले. आपली डोंबिवली, ठाणे, कल्याण ही स्थानके दिवसाला लाखांची वर्दळ सोसतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. तेच प्रमाण ठाण्याच्या १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीच्या १२ लाख लोकसंख्येस लावले, तर त्या वेळीच या दोन शहरांत मिळून सुमारे तीन लाख वृद्ध होते असे दिसते. त्यांच्यासाठी केलेला खर्च मूठभरांसाठीचा म्हणता येणार नाही.

काहीजण याहून पुढे जाऊन विचारतात की, या वयात हिंडायचे कशाला? या प्रश्नाने मन उद्विग्न होते. दवाखाना, बँक, हयातीचा दाखला, भाजी, देऊळ, वाचनालय, नातवंडे आणि समवयस्कांची संगत यांपैकी कोणती गोष्ट त्याने सोडावी, हे विचारणार्‍याने आधी सांगावे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की, इंग्लंडमध्ये मोफत बस-पास बाळगणारे वृद्ध इतरांपेक्षा अधिक चालतात. बस धरायची तर थांब्यापर्यंत पायी जावे लागते, हे त्यामागील साधे कारण. वृद्धाला घरी बसवणारा समाज पैसे वाचवीत नाही. तो तोच खर्च रुग्णालयाच्या खात्यावर वळवतो.

याच विषयातील इतर काही समजुती थोडक्यात :

"रेल्वेने ज्येष्ठांचे सगळेच काढून घेतले." नाही, आरक्षणात ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना खालचा बर्थ देण्याची तजवीज कायम आहे, वय अचूक नोंदवा.

"ज्येष्ठांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते." केवळ वयाच्या आधारे नाही, तो डबा दिव्यांग, कर्करुग्ण आणि गर्भवती यांच्यासाठी आहे, आणि अनधिकृत प्रवेशाबद्दल रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली दंड होतो.

"आता प्रत्येक लोकलला ज्येष्ठांचा डबा आहे." नाही, उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर मालडब्याचे रूपांतर करण्याचे ठरले व २०२५ साली माटुंगा कारखान्यातून तसा कक्ष असलेली मध्य रेल्वेची पहिली लोकल बाहेर पडली. हा आरंभ आहे, पूर्तता नव्हे.

"वृद्ध स्त्रियांना एस.टी.त दोन सवलती मिळून फुकट." नाही, १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या स्त्रीलाही निम्मेच.

"राखीव आसन ही केवळ सौजन्याची बाब." नाही, ते राखीव आहे, आणि तेथून उठणे हे उपकार करणे नव्हे.

तेव्हा पुढच्या खेपेस नगरसेवक मते मागावयास येतील किंवा पालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाईल, तेव्हा सवलतीचा टक्का किती वाढला एवढेच विचारून थांबू नका. नव्या बसगाड्यांपैकी नीचतल किती, थांब्यांपुढची जागा रिक्षांपासून मोकळी करण्याचा हुकूम कोणी काढला आणि अंमल कोण करतो, स्थानकातील लिफ्ट गेल्या महिन्यात किती दिवस बंद होती, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागा. ज्येष्ठ नागरिक संघांनी हे प्रश्न विचारावेत हे तर योग्यच. परंतु ते तिशी-चाळिशीतील माणसांनी विचारले पाहिजेत, कारण आज मंजूर होणारी बस पुढची दहा-पंधरा वर्षे धावणार आहे आणि आज बांधला जाणारा जिना त्याहून कितीतरी अधिक काळ उभा राहणार आहे.