खोक्यावरील क्यूआर कोड : स्थिर की बदलता?

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की कोकणातील बागायतदारांची खोकी छापून घेण्याची घाई सुरू होते. अलीकडे या खोक्यांवर बागेच्या नावाशेजारी काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा क्यूआर कोडही छापला जातो. त्यासाठी छापखान्यात गेले असता, ‘स्टॅटिक हवा की डायनॅमिक?’ असा प्रश्न विचारला जातो आणि बहुधा समोरचा जो देईल तो पत्करला जातो. हजारो खोकी एकदा छापून झाल्यावर हा निर्णय फिरविता येत नाही. यास्तव दोहोंतील भेद छपाईपूर्वीच समजून घेणे अगत्याचे आहे.

क्यूआर कोड ही मूळची जपानी युक्ती होय. मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती तयार केली. स्थिर, म्हणजे स्टॅटिक, कोडात जो मजकूर द्यावयाचा तो त्या चौकड्यांतच साठविलेला असतो. त्याला कोणाची वर्गणी लागत नाही आणि छपाई शाबूत असेपर्यंत तो वाचता येतो. मात्र त्यात दूरध्वनीचा एक आकडा चुकला तर ती चूक सर्व खोक्यांवर कायम राहते.

बदलत्या, म्हणजे डायनॅमिक, कोडाची रीत निराळी आहे. पत्रावर ‘अमक्याच्या मार्फत’ असा पत्ता घालावा तसा हा प्रकार होय. कोडात केवळ सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा एक छोटा पत्ता असतो. ग्राहकाचा मोबाइल प्रथम तेथे जातो व तेथून इच्छित पानावर पाठविला जातो. हे पुढचे ठिकाण केव्हाही बदलता येते. फेब्रुवारीत छापलेल्या खोक्यावरील कोड एप्रिलमध्ये नव्या तोडणीची माहिती दाखवू शकतो. कोड किती वेळा व साधारण कोणत्या भागात वाचला गेला हेही कळते. अर्थात वाचणाऱ्यांची संख्या म्हणजे विक्री नव्हे, हे ध्यानी ठेवलेले बरे.

खरी अडचण ‘मार्फत’ या शब्दातच आहे. मधल्या माणसाने पत्र पुढे पाठविणे थांबविले तर ते तेथेच पडून राहते. अशा सेवांपैकी काही प्रारंभी थोडे दिवस विनामूल्य असतात. मुदत संपल्यावर वर्गणी भरली नाही तर कोड बंद पडतो आणि खोक्यावर नुसती नक्षी उरते. ताजा आंबा थोड्या दिवसांत खाल्ला जातो, तेव्हा हंगामापुरती वर्गणी त्याला पुरते. परंतु कोकम सरबत, काजूगर वा डबाबंद आमरस दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने राहतो. अशा मालाच्या बाबतीत शेवटचा डबा खपण्याची मुदत संपेपर्यंत कोड जिवंत राहील, एवढी तजवीज आधीच करावयास हवी. आणखी एक गोष्ट वरचेवर घडते. कोड तयार करून देणारा तरुण आपल्याच ईमेलवर खाते उघडतो व पुढे कामानिमित्त परगावी जातो. गटाच्या खोक्यांची किल्ली त्याच्याकडेच राहते. खाते गटाच्या नावे आहे काय, ही विचारणा गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्याच बैठकीत करावी.

ज्या गटाला थोडी संगणकीय मदत उपलब्ध आहे त्याने मधला मार्ग धरावा, हे अधिक श्रेयस्कर. गटाने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे व त्याच्या एका पानाचा पत्ता स्थिर कोडात घालावा. कोड तोच राहतो आणि पानावरील तोडणीची तारीख, बागेचे नाव वा तपासणीचा अहवाल गट स्वतः बदलू शकतो. संकेतस्थळाच्या नावाची वार्षिक फी मात्र चुकवून चालणार नाही. पत्ता जितका आखूड तितक्या चौकड्या मोठ्या व विरळ होतात. लांबलचक पत्त्याने त्या बारीक होऊन पुठ्ठ्यावर शाई पसरताच वाचेनाशा होतात.

पैसे स्वीकारण्याच्या कोडाची गोष्ट वेगळी आहे. तेथे डायनॅमिक याचा अर्थ प्रत्येक बिलासाठी रकमेसह नव्याने तयार होणारा कोड, असा होतो. बागेतील विक्रीसाठी यूपीआयचा छापील स्थिर कोड पुरेसा आहे. रक्कम ग्राहक स्वतः घालतो. त्यावर कोणी दुसराच कोड चिकटवून जात नाही ना, हे रोज पाहावे. पैसे मिळविण्यासाठी विक्रेत्याने कोड वाचण्याची वा पिन देण्याची गरज कधीच नसते. तसे सांगणारा मनुष्य ठकसेन समजावा.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाल्यापासून कोड म्हणजे अस्सलपणाची हमी, असाही एक समज बळावत आहे. सर्व खोक्यांवर एकच कोड असेल तर त्याचे छायाचित्र घेऊन कोणीही परप्रांतीय आंब्याच्या खोक्यावर तो छापू शकतो. स्थिर असो वा बदलता, नक्कल सारखीच सोपी. प्रत्येक खोक्याला स्वतंत्र क्रमांकाचा कोड दिला, तरच एक क्रमांक वाशीत आणि पुण्यात एकाच दिवशी वाचला गेल्यावर संशय घेता येतो. हा खर्च लहान गटास झेपेलच असे नाही, आणि न झेपल्यास खोक्यावर हमीची भाषा छापू नये.

छपाईबाबत थोडेसे. कोड फिक्या पार्श्वभूमीवर गडद शाईने छापावा व भोवती चार चौकड्यांइतकी कोरी जागा सोडावी. खराब झालेला भाग भरून काढण्याची क्षमता सुमारे ७ ते ३० टक्के अशी चार पातळ्यांत निवडता येते; ओलावा व घासाघीस सोसणाऱ्या खोक्यांसाठी वरची पातळी घ्यावी. प्रथम एकच नमुना छापून घ्यावा, तो किंचित ओला करून व कमी उजेडात दोनतीन निरनिराळ्या मोबाइलवर, त्यांत एक जुना असावा, वाचून पाहावा आणि मगच उरलेल्या खोक्यांची मागणी नोंदवावी.