आठवीचा पट, दहावीचा निकाल

शाळेचे आकडे वाचताना : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण यूडायसच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, अर्जातले रकाने पाहिले. 27 हा राज्याचा आकडा, 24 रायगडचा, आणि त्यापुढे वाढत जाऊन अकरा अंकांचा होणारा शाळेचा नंबर. आज ते रकाने घेऊन रायगडातल्या कर्जत-खालापूरच्या एखाद्या लहान हायस्कुलात शिरू आणि दहावीच्या निकालाचा फ्लेक्स जरा जवळून वाचू.

त्याआधी एक खुलासा. सरकारी हायस्कूल म्हणजे जिल्हा परिषदेचं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत सातवी-आठवीला संपते. पुढची हायस्कुलं बहुतांशी खासगी अनुदानित, म्हणजे इमारत संस्थेची आणि पगार सरकारचा. सरकारने स्वतः चालवलेलं हायस्कूल या दोन तालुक्यांत शोधायला निघालात, तर बहुधा आश्रमशाळेच्या फाटकाशी पोचाल. कर्जत तालुक्यात पाथरज, भालिवडी, खालापुरात डोलवली. कारभार आदिवासी विकास विभागाचा, कार्यालय पेणला. पोरं तिथेच राहतात, तिथेच जेवतात.

आता फ्लेक्स. समजा, दहावीला 16 मुलं बसली आणि सगळी पास झाली. निकाल 100 टक्के. पुढच्या वर्षी पुन्हा 16, त्यातली दोघं गणितात अडकली. निकाल 87.5. लगेच 'निकाल घसरला' अशी कुजबुज सुरू होते. शिक्षक तेच, फळा तोच, गणिताचं पुस्तकही तेच. राज्याचा निकाल 2024 मध्ये 95.81 टक्के होता, 2025 मध्ये 94.10. ही पावणेदोन टक्क्यांची घट पंधरा लाखांच्या घरातल्या मुलांवर मोजलेली आहे, म्हणून तिला काही वजन. सोळा मुलांच्या वर्गात एकट्या पोराचा ताप म्हणजे सव्वासहा टक्के. आणि टक्केवारीवर फारच श्रद्धा असेल तर 2021 आठवा. करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95 टक्के!

पण माझी खरी तक्रार भागाकाराच्या खालच्या आकड्याशी आहे. निकाल काढताना आपण परीक्षेला बसलेल्यांनी भागतो. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती होते, हे कोणी विचारत नाही. शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाचा. आठवीपर्यंत शाळा जवळ हवी, पोर पटावर हवं, गैरहजर असेल तर शिक्षकाने वाडीवर जायला हवं. नववीला हे सगळं कायद्याच्या बाहेर पडतं. पोराचं वयही नेमकं तेव्हा कामाला लागण्याजोगं झालेलं असतं.

कोणत्या कामाला? इथे रकान्यांचा दोष दिसतो. यूडायसच्या सामाजिक गटात 'अनुसूचित जमाती' हा एकच रकाना. इथल्या शाळेत त्या रकान्यात निदान दोन वेगळी जगं कोंबलेली असतात. ठाकर (कागदावर ठाकूर) बहुतेक वाडी धरून राहणारे. भाताचा तुकडा, पावसाळी भाजी, रानातली करवंदं-जांभळं कर्जत-नेरळच्या बाजारात. कातकरी बहुतेक भूमिहीन. राज्यात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी ही एक, बाकीच्या कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळी उरकली की कातकरवाडी वीटभट्टीला किंवा कोळशाच्या कामाला निघते आणि पावसाच्या तोंडावर परतते. भट्टीमालकाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एकट्या माणसाला मिळत नाही, जोडीला मिळते, म्हणजे नवराबायकोला. उचल आधीच खाऊन झालेली असते, त्यामुळे न जाण्याची सोय नाही. लहानग्याला सांभाळायला मोठी बहीण लागते. ती आठवी-नववीत असते.

आता हे वेळापत्रक परीक्षा मंडळाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. दहावीची आवेदनपत्रं भरली जातात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे भट्टीचा ट्रक वाडीवर येतो त्याच सुमारास. परीक्षा 2024 ला 1 मार्चपासून होती, 2025 ला अलीकडे ओढून 21 फेब्रुवारीपासून घेतली. भट्टी तेव्हा ऐन भरात असते. हजेरी 75 टक्के हवी, ती तर डिसेंबरातच तुटलेली. ज्या पोराचं आवेदनपत्रच भरलं गेलं नाही ते नापासही होत नाही. भागाकारात ते नसतंच. पास-नापासाच्या चर्चेत ठाकर आणि कातकरी एका रकान्यात मिसळतात, तेव्हा ही गळती नेमकी कुठून होते तेही त्यात बुडून जातं.

यावर उपाय म्हणून वसतिगृह. आईबाप भट्टीवर गेले तरी पोर शाळेत राहावं, ही आश्रमशाळेमागची साधी अटकळ, आणि ती पुष्कळदा खरी ठरते. वसतिगृहाने एकदा तर जीवही वाचवले. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत. वाडीची बरीच मुलं वाचली, कारण त्या रात्री ती आश्रमशाळेत होती.

  

मग ही गळती शोधायची कुठे? शाळेचं खरं पुस्तक जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची नोंदवही. त्यातली जातीची नोंद पुढे दाखल्याला पुरावा होते. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. हंगामागणिक जागा बदलणाऱ्या घराने आजोबांचा कागद कुठून आणायचा? जुन्या रजिस्टरांत अर्ध्याअधिक पोरांचा जन्म 1 जूनचा, हे आपल्याकडे कोणाला नवीन नाही. तारीख गुरुजींची, पोर आईबापांचं.

तर मुख्याध्यापकांकडे हे रजिस्टर मागा. दोन वर्षांपूर्वीची आठवी काढा, एकेक नाव आजच्या दहावीच्या यादीत शोधा. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले वेगळे काढा. उरलेल्यांपुढे शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. बहुधा दोन शब्द, 'सतत गैरहजर'. त्यातली एखादी पोरगी दोन-तीन वर्षांनी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसते आणि पास होते. तरीही शाळेच्या फ्लेक्सवर ती येत नाही, कारण मंडळ तिला नियमित विद्यार्थ्यांत धरत नाही. तिची गणती 'खासगी' गटात.