एमआरआयची ‘डाय’ आणि लोहाचे कण

एमआरआयसाठी नंबर लागला की एक फॉर्म पुढे येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो. ‘इथे सही करा’ म्हटले की आपण सही करून मोकळे होतो. त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: किडनीचा काही आजार आहे का? तो का विचारतात, हे घरोघरी कळावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या मदतीने शरीरातल्या पाण्याकडून संदेश मिळतो आणि त्याचे चित्र बनते. कंबरेची गादी सरकली असेल तर बहुतेक वेळा एवढे पुरते. गाठ किंवा जंतुसंसर्ग नीट दिसावा म्हणून मात्र शिरेतून औषध देतात. त्यालाच आपण ‘डाय’ म्हणतो. सीटी स्कॅनची डाय आयोडीनची असते, एमआरआयची बहुधा गॅडोलिनियम या धातूची. दोन्ही एक नव्हेत.

गॅडोलिनियम मुख्यतः किडनीवाटे लघवीतून बाहेर पडते. किडनी फारच निकामी असेल तर ते अंगात रेंगाळते. अशा काही रुग्णांची कातडी टणक होते, सांधे आखडतात. याचा संबंध या डायशी आहे, हे २००६ साली युरोपातल्या डॉक्टरांनी दाखवले. त्यानंतर नियम कडक झाले, धातूला घट्ट धरून ठेवणारी औषधे पुढे आली. आज हा धोका फार कमी आहे. भीतीपोटी तपासणीच टाळू नये.

दुसरा मार्ग लोहाचा. लोखंडाच्या गंजाच्या जातीचेच हे कण, पण अतिशय बारीक. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण काही दहा ते शंभर-दीडशे नॅनोमीटरचे. रक्तातली तांबडी पेशी सात हजारांच्या आसपास भरते. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर साखरेच्या जातीचे आवरण असते. यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात आणि निरोगी यकृत चित्रात काळे पडते. कर्करोगाच्या गाठीत अशा पेशी बहुधा नसतात, म्हणून गाठ उजळ राहते. पुढे शरीर ते लोह मोडून रक्त बनवायला वापरते. आम्हाला यातली ही गोष्ट फार आवडली.

अमेरिकेत १९९६ साली असे औषध मंजूर झाले, पण मागणी थोडी, म्हणून काही वर्षांत ते बंद पडले. २००९ साली तिथे किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचे औषध आले. गॅडोलिनियम नको अशा रुग्णांचा एमआरआय काढताना काही डॉक्टर तेच वापरू लागले. तेही निर्धोक नाही. जीवघेण्या ॲलर्जीमुळे २०१५ साली त्यावर कडक इशारा छापावा लागला. ते हळूहळू सलाइनमधून द्यावे लागते आणि त्याचा परिणाम पुढच्या एमआरआयवर तीन महिन्यांपर्यंत दिसू शकतो.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. वारंवार रक्त चढवल्यावर त्यांच्या यकृतात लोह साठते. हे साठलेले लोहही एमआरआयमध्ये काळे दिसते, म्हणून सुई न टोचता, डाय न देता ते मोजता येते. ज्यांच्या अंगात लोह आधीच जास्त आहे त्यांना लोहकणांचे औषध देत नाहीत. रक्त किती वेळा चढवले, हे सांगायचे ते यासाठी.

एमआरआयला जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि जुनी फाईल बरोबर घ्या. डायलिसिस चालू असेल, दिवस गेले असतील, पूर्वी एखाद्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील, किंवा अलीकडे लोहाची सलाइन घेतली असेल, तर सही करण्याआधी सांगा. आईला किंवा आजीला नेत असाल तर तुम्हीच विचारा: डाय लागणारच आहे का, आणि कोणती? पेसमेकर असेल किंवा अंगात धातूचा तुकडा असेल तर तेही दाराबाहेरच सांगा.